दूध चांगलं हाय म्हणे

माझं डोकं अजून ठिकाणावर न्हाई, तवा आवाज चढला तर चढू द्या. मी नागूबाई, संतपूरची. शिवकन्या माझी सून. पोरगा बुद्धरत्न हुमनाबादला लॉरीच्या गॅरेजात हाय, पंधरा दिवसाला एकदा येतो. म्हणजे घरात आमी दोघीच, अन् आता तिचं लेकरू.

लेकरू आठ दिवसाचं असताना गुलबर्ग्याच्या कुठल्याशा संस्थेची विभा मॅडम आली. बोलणं गोड, चप्पल दाराबाहेर काढून आत आली, मला बरं वाटलं. आईच्या दुधावर अभ्यास चाललाय म्हणाली. तीन महिन्यात चार खेपा येणार, दर खेपेला बाटलीभर दूध घेणार अन् बोटाला टोचून रगत बघणार. बाटली बी लहान, औषधाच्या बाटलीएवढी. कागद कानडीत होता. मला कानडी बोलता येतंय, वाचता येत न्हाई. शिवकन्या उदगीरकडची, दहावी झालेली, पण तिला कानडी अक्षर कळत न्हाई. मॅडमनं भराभरा वाचून दाखवलं, मी मान हलवत बसले, अन् शिवकन्यानं सही ठोकली.

दुसऱ्या खेपेला मॅडम हसतच आली. मागच्या बाटलीचा रिपोर्ट आलाय, दूध एकदम चांगलं हाय म्हणाली. तिसऱ्या खेपेला बी तेच. बोटाला टोचायची, हातातल्या मशीनवर आकडा यायचा, तो टॅबवर लिहायची अन् मशीन पिशवीत टाकायची. आकडा किती, हे तिनं सांगितलं न्हाई अन् आमी इचारलं न्हाई. दूध चांगलं हाय म्हणल्यावर आणखी काय इचारायचं, असं मला वाटलं.

अन् मी काय केलं सांगू? गल्लीभर मिरवले. पार्वतीबाईच्या सुनेला दूध पुरत न्हाई, तिला डब्याचं आणावं लागतंय. माझ्या सुनेचं दूध गुलबर्ग्याला जाऊन पास होऊन आलंय, असं पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून दहा जणींना ऐकवलं. दूध चांगलं म्हणजे बाई धडधाकट, हे मी मनाशी धरूनच बसले. सव्वा महिना झाला न् झाला, तिला सोयाबीनच्या खुरपणीला नेलं. तिला दम लागायचा, मधीच बांधावर जाऊन बसायची. मी म्हणायची, ऊठ की, आमी काय लेकरं काढली न्हाईत व्हय. हे मी म्हणलंय, लपवत न्हाई.

तिसऱ्या खेपेनंतर तीन आठवड्यांनी ती चुलीपुढं कोसळली. ओठ पांढरेफटक, पाय सुजलेले. गल्लीतल्या वीरण्णाची जीप काढली, औरादला नेलं, तिथून बिदरला धाडलं. बिदरच्या डॉक्टरनं डोळ्याची पापणी ओढून बघितली अन् रगत तपासलं. बारा पाहिजे तिथं साडेपाच. मग सगळ्या वॉर्डासमोर माझ्यावरच घसरला. इतके दिवस झोपला होता का, सुनेला खायला घालता का न्हाई, तुमच्यासारख्या सासवांपायी बाया मरतात, असं काय काय बोलला. मी म्हणलं, साहेब, तीनदा टोचून रगत बघितलंय हिचं. तर म्हणतो, कागद दाखवा. कागद कुठून आणू? आकडे तर मॅडमच्या टॅबात.

रगताच्या दोन बाटल्या चढवल्या. पहिल्या रात्री डॉक्टर बी खात्रीनं काय सांगंना. लेकरू माझ्या मांडीवर रडून रडून निळं पडायलेलं, अन् माझा जीव टांगणीला.

तिसऱ्या दिवशी सकाळी विभा मॅडम वॉर्डात हजर. आमी गावात घावलो न्हाई म्हणून पत्ता काढत आलेली. खांद्याला दुधाच्या बाटल्या न्यायचा बर्फाचा डबा. वाईट वाटलं म्हणाली, डोळ्यात पाणी बी आणलं. अन् मग हळूच म्हणाली की चौथी खेप राहिलीय, जमलं तर थोडं दूध पाहिजे, न्हाईतर आधीच्या तिन्ही बाटल्या वाया जातील.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पयले आकडे सांग म्हणलं, तिन्ही खेपांचे, सगळ्यांना ऐकू जातील असे. तिनं टॅब उघडला. पहिल्या खेपेला आठ, दुसऱ्या खेपेला सात, तिसऱ्याला सहा. तिथं राउंडला आलेला डॉक्टर थांबला. आठ असतानाच कळलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं, म्हणाला.

"मग सांगितलं कामून न्हाईस?" मी इचारलं.

ती म्हणाली, आकडे दर खेपेला वर पाठवले, तिथून दवाखान्याला कळवतील असं मला वाटलं. तिच्या साहेबाला वाटलं असंल की हिनं घरात सांगितलं. अन् मग समजूत घालावी तशी मला म्हणाली, "आजी, पण दुधात काही कमी नव्हतं. अभ्यासात तेच दिसतंय. आईच्या अंगात रक्त नसलं तरी दूध चांगलंच राहतं."

"राहणारच की," मी म्हणलं. "हिच्या अंगातून उपसून जायलंय ते. बाई रिती व्हायली, अन् तुमी दुधाला पास करायलाव!"

तिच्या खांद्याचा डबा मी ओढून घेतला. फेकणारच होते. नर्स धावत आली, बाजूच्या खाटेवरच्या बाया उठून बसल्या. तेवढ्यात शिवकन्या बोलली. तीन दिवसात पहिल्यांदा तिचा आवाज निघाला. सलाईनचा हात तसाच ठेवून, लेकराला पदराखाली घेऊन, अगदी हळू म्हणाली:

"दूध येतंय का, दूध चांगलं हाय का, लेकराचं पोट भरतंय का, हे समद्यांनी इचारलं. मी कशी हाय, हे एकदा तरी कुणी इचारलं का?"

ऐकवलं बग हिनं मॅडमला, असं मला वाटलं. मान वळवली तर तिची नजर माझ्यावर होती.