निळ्या कव्हरची रेकॉर्ड

वहिनींनी सुई अलगद टेकवली. गाणारीची पहिली ओळ पुरी होते न होते तोच वन्संनी हात वर केला.

"थांब, थांब. ही अशी नाहीये."

"अशी म्हणजे कशी?"

"अशी रडकी. बघ बाई जरा, निळ्या कव्हरात दुसरीच तर नाही ना घातलीस?"

हे भलत्याच माणसाला विचारणं झालं. वहिनी चित्रांच्या चौकटी बनवायच्या. कोपरा केसभर उघडा राहिला तरी अख्खी चौकट मोडून पुन्हा करायच्या, मग गिऱ्हाईक दारात उभं का असेना. त्यांच्या घरात एका कव्हरात दुसरी रेकॉर्ड सापडणं शक्यच नव्हतं. त्यांनी रेकॉर्ड उचलली, मधला नावाचा कागद वन्संच्या चष्म्यासमोर धरला आणि परत जागेवर ठेवली.

"तीच आहे," वन्संनी कबूल केलं. "मग हिला झालंय काय?"

वन्सं म्हणजे वहिनींची धाकटी नणंद. सगळा जन्म इस्पितळात सिस्टर म्हणून गेला, राहणं तिथल्याच क्वार्टर्समध्ये, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. निवृत्त झाल्यावर ते घर सोडावं लागलं, तेव्हा वहिनींनी फोन करून सांगितलं, या इकडे, बघू जमतंय का. वन्संही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. निवृत्त सिस्टरांच्या वसतिगृहात त्यांनी एक खोली सांगून ठेवली होती. महिनाअखेरीला होय की नाही ते कळवायचं होतं आणि महिना आता संपत आला होता.

वहिनींना वन्सं हव्या होत्या. त्यात आडपडदा काही नाही. नवरा गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानेच जेवायच्या, कारण एकटीसाठी टेबलावर ताट मांडायचं जिवावर यायचं. वन्सं आल्या आणि टेबल पुन्हा टेबल झालं. पण "राहा" एवढा दोन अक्षरी शब्द काही त्यांच्या तोंडून फुटत नव्हता. इतकी वर्षं ज्या नणंदेने आपल्याला कधी जवळचं मानलं नाही, तिला आपण कुठल्या तोंडाने सांगायचं, असं त्यांना वाटायचं.

दोघींना बांधून ठेवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे रेकॉर्डी. रोज संध्याकाळी पुढच्या खोलीतलं काम आवरलं, लाकडाचा भुसा झाडला की एकीने एक रेकॉर्ड निवडायची. आज तुझी, उद्या माझी. बाजू संपेपर्यंत टीका नाही, हा नियम वहिनींचा. बाजू संपल्यावर मात्र तोंडाला कुलूप नाही, हा वन्संचा.

आवडीनिवडी म्हणाल तर दोघींची तोंडं दोन दिशांना. वहिनींना एकच आवाज लागायचा, मागे फार तर एक वाद्य. वन्संना ताशे, पिपाण्या, टाळ्या, सगळं एकदम हवं.

"ह्या तुझ्या बाईला आधी कोणीतरी जेवायला घाला," वन्सं म्हणायच्या. "कसं कण्हत गातेय."

"आणि तुमचं ऐकताना मला वाटतं, शेजाऱ्यांची भांड्यांची मांडणी कोसळली."

एक गोष्ट मात्र वन्सं रोज म्हणायच्या. त्यांनी हौसेने लावलेली त्यांची स्वतःची गाणीसुद्धा इथे मरगळलेली वाटत होती. "तुझ्या घरात आली की गाणी आजारी पडतात, वहिनी. मशीन बदल." मशीनचं नाव काढलं की वहिनी गप्प व्हायच्या. ते नवऱ्याचं होतं. त्यांनी ते जिवापाड जपलं होतं, दर महिन्याला स्वतःच्या हाताने पुसलं होतं. वन्संचं स्वतःचं मशीनही सामानाबरोबर आलं होतं, माहेरचं, त्यांच्या वडिलांचं. पण एका घरात दोन कशाला, म्हणून ते गोधडीत गुंडाळून कपाटावर चढवलं होतं.

आणि आज वन्संनी आपल्या पाळीला निळी मागितली होती. दादाची, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची, लाडकी. दादा गेल्यापासून ती बाहेर निघाली नव्हती. वहिनी क्षणभर घुटमळल्या, मग त्यांनी काढून दिली.

आता ती तशीच फिरत होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच नियम मोडला गेला.

"मला पाठ आहे ही," वन्सं म्हणाल्या. "कोवळी पोर आहे गाणारी. विशीची. नुसती उड्या मारते. ही कोण म्हातारी आणून बसवलीस?"

"चाळिशीची असेल. पण किती समजून गाते."

"कसली समजून? दमलीय ती."

"ह्यांना अशीच आवडायची, वन्सं. रोज रात्री जेवण झालं की ऐकायचे. डोळे मिटून."

"दादा? डोळे मिटून?" वन्सं हसल्या, पण त्या हसण्यात हसू नव्हतं. "दादा हे लागलं की घर डोक्यावर घ्यायचा. मला त्याच्या पायांवर उभी करून खोलीभर नाचायचा. आप्पा ओरडायचे, आई ओरडायची, हा थांबायचा नाही. लग्नाआधी असला नव्हता तो, वहिनी. मी सुट्टीला तुमच्याकडे यायची ना, तेव्हा बघायची. खुर्चीत बसलेला, शांत. मला वाटायचं, झालंय तरी काय ह्याला?"

हे बोलून झाल्यावर त्यांनाही कळलं की आपण काय बोललो. पण शब्द तोंडातून सुटले होते.

वहिनींनी सुई उचलली. रेकॉर्ड कव्हरात घातली. ह्या प्रश्नाची त्यांना ओळख नव्हती असं नाही. नणंद मनातल्या मनात हाच विचारते आहे, हे त्या वर्षानुवर्षं जाणून होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या स्वतःही अधूनमधून हाच विचारत. माझ्याशी लग्न करून हा माणूस सुखी होता का? विचारायला आता तो नव्हता.

"चहा टाकते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. वहिनी न्याहारीचं आवरून आल्या तर वन्संच्या खोलीत पलंगावर बॅग उघडी. वन्सं साड्यांच्या घड्या घालत होत्या, इस्पितळातल्या चादरीसारख्या, कोपऱ्याला कोपरा लावून.

"उद्या त्यांना कळवून टाकते," वर न बघता त्या म्हणाल्या. "चांगली हवेशीर खोली आहे. उगाच एकमेकींच्या जिवाला घोर नको."

आत्ता बोलावं, नाहीतर पुन्हा बोलता येणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"मशीन खाली काढायला दोघी लागतील."

मग दोघींनी स्टुलावर चढून ते धूड उतरवलं. वन्सं सूचना देत होत्या, वहिनी भार घेत होत्या. पुढच्या खोलीतल्या कामाच्या टेबलावर ते ठेवून गोधडी सोडली. आत पितळी कोपऱ्यांची जुनी पेटी, वर झाकण, अजून चकचकीत. वहिनींनी त्यावरून हात फिरवला. लाकूड चांगलं होतं.

"एकदा वाजवून दाखवा," त्या म्हणाल्या. "ती निळी. जायच्या आधी मला ऐकू तरी द्या, कशी होती ती."

वन्संनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग वायर लावली.

आणि काय सांगावं. तीच रेकॉर्ड, तेच शब्द, पण गाणारी धावत आली. आवाज कोवळा, चढा, खोडकर. ढोलकी नुसती टुणटुण उडत होती. वहिनींच्या नकळत त्यांच्या चपलेचं टोक जमिनीवर ठेका धरू लागलं. वन्संच्या चेहऱ्यावरून वीसेक वर्षं उतरली.

"बघ! सांगत नव्हते मी? तुझंच मशीन मंद आहे. मेलं रडत चालतं."

हे वहिनींच्या जिव्हारी लागलं असतं, पण एव्हाना त्या ऐकत नव्हत्या, बघत होत्या. मापाची नजर ती. मधला कागद नेहमीपेक्षा घाईत फिरतोय, हे त्यांना दिसलं. त्यांनी पांढऱ्या कागदाचा कपटा फाडला आणि डिंकाचा थेंब लावून मधल्या कागदाच्या कडेला चिकटवला.

"तुम्ही नाडी मोजता ना, वन्सं? हिची मोजा. मिनिटाला किती फेरे व्हायला हवेत, ते हिच्यावरच छापलंय."

वन्संना हसू आलं, पण त्यांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. आयुष्यभराची सवय. ओठ न हलवता मोजू लागल्या. कपटा फिरत राहिला. मोजणं संपलं तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा मोजलं. मग रेकॉर्ड उचलून वहिनींच्या मशीनवर ठेवली आणि तिथेही मोजलं. शांतपणे चालणाऱ्या त्या कपट्याकडे त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

"तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "छापलेत तेवढेच फेरे. ताप माझ्याच मशीनला आहे."

"कसा काय?"

वन्संनी डोक्याला हात लावला. मग खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"आप्पा! अगं, आप्पांनी केलं हे. आतलं मोटरचं चाक झिजलं होतं. नवं आणायचं सोडून त्यांनी घरीच पितळेचं घडवलं. अख्ख्या गावाची घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, त्यांच्यावर शंका कोण घेणार? बसवलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. चाक जाड झालं असणार, वहिनी, म्हणून फेरे वाढले. आमच्या घरातली सगळी गाणी जन्मभर पळत होती. आणि आम्ही समजायचो, गाणी अशीच असतात."

वहिनीही हसल्या. त्यांच्या मशीनवर ती बाई अजून सावकाश गात होती. हळूहळू वन्संचं हसू ओसरलं.

"म्हणजे दादा बदलला नव्हता," त्या म्हणाल्या. "गाणंच वेगळं होतं. आणि मी इतकी वर्षं मनात धरून बसले की तू त्याला..."

"माहीत होतं मला."

"बोलली नाहीस कधी."

"काय बोलणार? मला तरी कुठे ठाऊक होतं, ते कसे होते ते."

वहिनी एकदम थांबल्या. त्यांना काहीतरी आठवलं होतं. इतकी वर्षं ते डोळ्यांसमोर होतं, पण त्याचा अर्थ त्यांना आत्ता लागला.

"वन्सं, हे मशीन नवीन आणलं तेव्हा ह्यांनी पहिली हीच लावली होती. लग्नाला आठवडा झाला असेल. मी आत होते. गाणं सुरू झालं म्हणून हात पुसत दारात आले, तर हे उभे. एकदम ताठ. कोणी थोबाडीत मारल्यासारखा चेहरा. हात मशीनच्या बटणाकडे गेलेला. बंद करणार होते."

"मग?"

"मी म्हटलं, कोण आहे हो ही? किती सुंदर गाते. तर माझ्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला. म्हणाले, आवडली तुला? बस मग, ऐकू. मला वाटलं, नव्या नवरीपुढे लाजले." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्यांना कळलं होतं, वन्सं. पहिल्याच ओळीला कळलं असणार. घड्याळजींचा मुलगा. मनात आणलं असतं तर तेही एक जाड चाक घडवून बसवू शकले असते."

वन्संनी चष्मा काढून पदराला पुसला.

"ऐकताना काय करायचा?" त्यांनी विचारलं. "डोळे मिटून, आणि?"

"माझा हात धरायचे. बाजू संपेपर्यंत सोडायचे नाहीत. पलटायला उठले की तेवढाच."

"हे मी कधी बघितलंच नाही."

"आणि मी त्यांना नाचताना."

बाजू संपली. सुई मधल्या चरीत खरखरत राहिली. वन्सं उठल्या, रेकॉर्ड काढून घेतली आणि आप्पांच्या पेटीवर चढवली. ढोलकी उडायला लागली. त्यांनी पदर खोचला आणि वहिनींपुढे दोन्ही हात केले.

"ऊठ. त्याचे पाय कसे पडायचे, दाखवते."

"अहो, कोणी गिऱ्हाईक आलं तर?"

"येऊ दे. त्यालाही शिकवू."

दोन बाया, एकीचा गुडघा धड नाही, दुसरीची कंबर. टेबलाभोवती फिरताना त्यांचा धक्का लागून चौकटींच्या पट्ट्यांची मोळी खाली गडगडली. ती कोणी उचलली नाही. एक गाणं झालं आणि दोघी धापा टाकत भिंतीला टेकल्या.

श्वास जरा जागेवर आल्यावर वहिनींनी कानावरची पेन्सिल काढली. खिळ्यावरची मापाची टेप घेतली आणि आपल्या मशीनशेजारच्या मोकळ्या भिंतीला लावली. एका हाताने नीट धरता येत नव्हती, पण त्यांनी हाक मारली नाही.

वन्संनी क्षणभर बघितलं. मग पलीकडे जाऊन टेपचं दुसरं टोक धरलं.

"फळीचं माप घेतेयस?"

"हं."

"मग भिंतीपासून जरा पुढे काढ," वन्सं म्हणाल्या. "आप्पांच्या पेटीचं झाकण मागे कलतं. आणि पुसायला माझा हात गेला पाहिजे."