आगीचा फेस

सासूच्या पायांना हिचा हात कधी लागला नाही, आणि डोळखांबच्या पाड्यावरून करवंदं विकायला आलेल्या सावळीचे पाय मात्र मांडीवर घेऊन बसली होती. तेही आमच्या ओटीवर, माझ्या पाटावर बसवून! ही नम्रता, माझी सून.

दोन हजार चार साली किन्हवलीहून शहापूरला एसटीने जाऊन-येऊन तिने पार्लरचा कोर्स केला. तेव्हापासून ओटीवर पार्लर टाकायचं म्हणून मागे लागली होती. घर माझं, तेव्हा हो-नाही मीच म्हणायचं. माझा दीपेश आईच्या तोंडाला भिऊन गप्प. आज 'नाही' म्हणून सांगून टाकायचं, असं ठरवूनच मी बाहेर आले.

नम्रता एका करड्या दगडाने सावळीची टाच घासत होती.

"वजऱ्या संपल्या काय गावातल्या? हा कसला दगड?"

"प्युमिस म्हणतात, आई. लॅटिन म्हणून जुनी भाषा होती, तिच्यातल्या फेसाच्या शब्दावरनं आलंय हे नाव. मॅडमनी सांगितलं. डोंगरातनं आग उसळते ना, तिचा फेस थंड होऊन हा होतो."

"आगीचा फेस थंड झाला? सासरी नांदला असंल मग."

सावळी फिसकन हसली. नम्रताने दगड घमेल्यातल्या पाण्यात सोडला. तरंगला मेला!

बघायला वाकले, तर नजर सावळीच्या टाचेवर गेली. भेगांत काळे डाग. बिब्ब्याचे.

"दुखतंय का गो?"

"नाय, आजी. बिब्बा तापवून भरतात तवा जीव जातो. ही बाय तर फुंकर घालते."

फुंकर! लावणीच्या चिखलाने माझ्या टाचा फाटायच्या, तेव्हा माझी सासू मुरबाडच्या बाजारातला बिब्बा दिव्यावर धरून त्याचं तेल भेगांत सोडायची. मी कधी हूं की चूं केलं नाही; तो तोरा अजून मिरवते. डाग तेवढे लुगड्याखाली ठेवते. नम्रता नमस्काराला वाकली की मीच पाय ओढून घेते, लांबूनच कर म्हणते.

सावळी पाटी डोक्यावर घेऊन उतरली. आली होती तेवढी लंगडत नव्हती. नम्रताने घमेल्यात नवं पाणी ओतलं आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "मग पार्लरचं काय, आई?"

मी पाटावर बसले. लुगडं घोट्यांच्या वर घेतलं.

"ओटी घे तू. हात चांगलाय तुझा. पण माझ्या टाचा रस्त्यावरच्यांना दाखवायच्या नाय. दार लोट आधी."