एकशे सतरा नंबरच्या दोन खाचा

मित्रांनो, मला बघून तुम्ही दोन पावलं मागे सरकलात ते माझ्या लक्षात आलं. सरकलात तर सरकलात, मी मनाला लावून घेत नाही. पोलिसाच्या दंडुक्याला कुणी प्रेमाने जवळ घेत नाही, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. आता मी जुना झालो आहे, रंग उडाला आहे, अंगावर खाचा आहेत. पण माझ्या मुठीवर कोरलेला एकशे सतरा हा नंबर अजून स्पष्ट वाचता येतो, आणि तो नंबर मी अभिमानाने मिरवतो. का, ते ऐका.

माझा जन्म लाकूड कातणाऱ्या एका कातारीच्या कारखान्यात झाला. आम्ही एकाच ओंडक्यातून नऊ जण निघालो. त्यातले दोघे गाठी असल्यामुळे बाद झाले. कातारी मोठा चोखंदळ माणूस होता. तो प्रत्येकाला कानाशी धरून बोटाच्या पेराने ठोकायचा आणि आवाज ऐकायचा. मला ठोकल्यावर तो म्हणाला, "हा टिकेल." त्या दोन शब्दांनी माझी छाती जी फुगली, ती आजतागायत खाली बसलेली नाही.

मग मला तेल पाजलं, काळा रंग दिला, मुठीला कातडी वादी लावली आणि वाहतूक पोलिसांच्या कोठीत पाठवलं. तिथून मी एका हवालदाराच्या कमरेला लागलो. त्याला सगळं खातं मामा म्हणायचं. साहेब लोकसुद्धा मामाच म्हणायचे. खांद्याने रुंद, आवाजाने खर्जातला, आणि चालताना जरा डावीकडे कलणारा. मी उजव्या बाजूला होतो, म्हणून तोल सांभाळायला तो डावीकडे कलतो, असा माझा समज होता. पुढे कळलं की त्याचा डावा गुडघाच कच्चा होता.

मामाबरोबर मी बावीस वर्षं रस्त्यावर काढली. तुम्ही विचाराल, बावीस वर्षांत किती जणांना हाणलंस? एकालाही नाही. माझ्या शेजारच्या खुंटीवरचे दंडुके या गोष्टीवरून माझी टर उडवायचे. म्हणायचे, हा कसला दंडुका, हा तर लाटणं. मी मनातून चिडायचो. मला वाटायचं, एवढा कणखर देह काय नुसता कमरेला लटकायला मिळाला? पण हळूहळू मामाच्या कामाची रीत मला कळत गेली.

गाडी थांबवली की मामा लगेच खिडकीपाशी जात नसे. आधी गाडीच्या पुढून, चालवणाऱ्याला दिसेल असा येई. दोन्ही हात मोकळे. मग खिडकीशी वाकून म्हणे, "गाडी बंद करा. काही घाबरायचं कारण नाही, कागद बघायचे आहेत. कागद कुठे ठेवलेत ते आधी सांगा, आणि मग हात घाला." माणूस सांगे, समोरच्या कप्प्यात आहेत, किंवा बायकोच्या पर्समध्ये आहेत, किंवा सीटखाली आहेत. मामा म्हणे, "बरं, सावकाश काढा." एवढंच. त्यामुळे समोरच्याचा हात कुठे आणि कशाला चालला आहे हे मामाला आधीच माहीत असे, आणि मामाचा हात माझ्याकडे येत नसे. एकदा एक दारू प्यालेला ट्रकवाला त्याच्या अंगावर धावून आला. मामाने बाजूला होऊन त्याला रस्त्याकडेच्या चिखलात बसू दिलं आणि म्हणाला, "आता बसलाच आहात तर नाव सांगा." मी त्या दिवशी कमरेला लटकल्या लटकल्या हसलो.

मग गुडघ्याने पुरता दगा दिला आणि मामाला रस्त्यावरून उठवून कोठीत बसवलं. कोठी म्हणजे चौकीच्या मागची एक लांबट खोली. भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर नंबर, एक लोखंडी टेबल आणि एक जाड नोंदवही. सकाळी दंडुके द्यायचे, संध्याकाळी परत घ्यायचे. दुसऱ्या कुणी हे काम पाट्या टाकल्यासारखं केलं असतं. मामाने तिथेही आपली रीत काढली. परत आलेला प्रत्येक दंडुका तो टेबलावर घेऊन त्याला खडूची पूड चोळायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा. वरची पूड निघून जायची, पण चीर किंवा खाच असेल तिथे पांढरी रेघ उरायची. चिरलेला दंडुका ऐन वेळी फुटला तर शिपायाच्याच हातात त्याचे ढलपे घुसतात, म्हणून हा खटाटोप. जी रेघ दिसेल ती नंबरासमोर वहीत जायची. सगळे त्याला हसायचे. म्हणायचे, मामा दंडुक्यांना पावडर लावतो.

आणि मला कुणाच्या हाती दिलं? मामाच्या सख्ख्या भाच्याच्या. त्याच्या बहिणीचा हा एकुलता एक मुलगा, नुकताच भरती झालेला, अंगाने सडपातळ, बोलायला गोड. मामाने मला खुंटीवरून काढून त्याच्या हातात ठेवलं आणि सांगितलं, "बावीस वर्षांचा सोबती देतोय. कागद कुठे आहेत, हे आधी विचारायचं. विसरू नकोस." भाचा म्हणाला, "नाही विसरणार, मामा."

आठ महिने तो विसरला नाही. मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पोरगा वाईट नव्हता.

त्या दुपारी ऊन रणरणत होतं. भाचा सकाळपासून एकटाच नाक्यावर उभा होता. आदल्या आठवड्यात शेजारच्या नाक्यावर एका शिपायाला कुणीतरी गाडीतून चाकू मारला होता आणि तेव्हापासून सगळ्यांच्याच मनात धाकधूक होती. एक जुनी छोटी गाडी आली, मागचा दिवा बंद असलेली. भाच्याने ती थांबवली. आत शिलाई मशीन दुरुस्त करणारा एक कारागीर होता, पन्नाशीचा, चष्मा दोऱ्याने बांधलेला. शेजारच्या सीटवर हत्यारांची पिशवी होती. भाचा म्हणाला, "कागद." बस्स, एवढंच. कुठे ठेवलेत, हे विचारलंच नाही. आणि त्या भल्या माणसाने कागद ठेवले होते हत्यारांच्या पिशवीत, तळाशी, सुरक्षित राहावेत म्हणून एका कापडी घडीत. त्याने पिशवीत हात घातला. आत लोखंड लोखंडावर वाजलं. भाचा ओरडला, "हात बाहेर!" कारागिराने दचकून हात बाहेर काढला, आणि मी खाली आलो.

तोवर बावीस वर्षं आणि आठ महिने मी कुणाच्या अंगाला लागलो नव्हतो. माणसाच्या मनगटाचं हाड मोडताना किती बारीक आवाज होतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्या हातातून कागदाची घडी खाली पडली. तिच्यात दुसरं काही नव्हतं. माझ्या आयुष्यातली ही एक गोष्ट अभिमानाची नाही, आणि मी ती लपवणार नाही.

भाचा पांढराफटक पडला. त्याने स्वतःच कारागिराला गाडीतून उतरवून सावलीत बसवलं, पाणी दिलं. तिथेच तो थांबला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पण मग त्याला नोकरी आठवली, आई आठवली. त्याने पिशवीतला मोठा लोखंडी पाना उचलला, चौकीच्या मागे गेला, मला दगडी पायरीवर आडवं ठेवलं आणि पान्याने माझ्या अंगावर एक सणसणीत घाव घातला. मग वर कळवलं की कारागिराने पाना उगारला, आपण तो दंडुक्यावर झेलला आणि स्वतःला वाचवायला त्याच्या हातावर मारलं. पुरावा म्हणून माझ्या अंगावर खाच होतीच. कारागिराच्या मोडक्या हाताला फळी बांधली आणि त्याला कोठडीत टाकलं. पोलिसावर हल्ला केल्याचा आरोप. सिद्ध झाला असता तर त्याची काही वर्षं गजांआड गेली असती, आणि घरी तोच एकटा कमावणारा.

संध्याकाळी भाच्याने मला टेबलावर ठेवलं. मामाने सगळं ऐकलं होतं. त्याने पूड चोळली, फडकं फिरवलं. वरच्या अंगाला एक खोल पांढरी खाच दिसली. मग त्याने मला उलटं केलं. बरोबर तिच्या पाठीमागे, खालच्या अंगाला, दुसरी खाच होती. पसरट, चेचलेली, आणि तिच्यात दगडाची बारीक कच रुतलेली.

मामा थांबला. त्याने मला ओल्या फडक्याने पुसलं, सुकू दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून पूड चोळली. दुसरी खाच तिथेच होती.

"मामा," भाचा हळूच म्हणाला, "वरची एकच लिही ना."

मामाने वही ओढली आणि लिहिलं, नंबर एकशे सतरा, दोन खाचा, समोरासमोर, खालचीत दगडाची कच. अक्षर नेहमीपेक्षा वाकडं आलं होतं. मग तो म्हणाला, "साहेबांना तू स्वतः सांगतोस का? उद्या सकाळपर्यंत वेळ आहे." भाचा तोंड फिरवून निघून गेला.

सकाळी भाच्याऐवजी त्याची आई आली. मामाहून ती चार वर्षांनी मोठी. बापाच्या माघारी तिनेच मामाला लहानाचा मोठा केला होता. ती बसली नाही. "तुझ्या एका ओळीने माझ्या पोराच्या पोटावर पाय येणार," ती म्हणाली. "ते पान फाड. कोण बघतंय?"

"ताई, आत एक माणूस विनाकारण बसलाय."

"तो माणूस तुझा कोण लागतो?"

"कुणी नाही."

"आणि हा?"

मामाने मान खाली घातली, पण वही त्याने काखेत घट्ट धरली होती. ताई निघून गेली, आणि त्या दिवसापासून तिने भावाशी बोलणं टाकलं.

चौकशी एका वरिष्ठ अधिकारी बाईंपुढे झाली. कारागीर कोपऱ्यात बसला होता, हात गळ्यात. भाचा समोर ताठ उभा. मामाने दोन बाद दंडुके मागवले. एक एका शिपायाला हवेत घट्ट धरायला लावला आणि त्यावर पाना मारला. दुसरा दाराच्या दगडी पायरीवर ठेवून मारला. मग दोघांना पूड चोळली. हवेत धरलेल्याला एकच खाच, ती वरच्या अंगाला. पायरीवरच्याला दोन, समोरासमोर. शेवटी मामाने मला त्यांच्या शेजारी ठेवलं. खोलीतल्या प्रत्येकाला दिसलं की मी कुणाचा भाऊ आहे. कातारी म्हणाला होता टिकेल, पण त्या टेबलावर मी जसा टिकलो तसा कधी टिकलो नसेन.

बाईंनी वही उघडली. "ही नोंद तुमची?"

"हो."

"आरोप ज्याच्यावर येतोय तो तुमचा भाचा आहे म्हणे."

"सख्खा. म्हणूनच दोनदा पूड लावली, बाईसाहेब. वाटलं, दुसऱ्या खेपेला दिसणार नाही."

मग भाच्याचाच आवाज आला. "पायरीवर ठेवून मी मारलं. त्याचा हात पिशवीत गेला तेव्हा वाटलं, आपण संपलो. कागद दिसले, पण तोवर दंडुका खाली आला होता. त्यानंतरचं सगळं मी खोटं सांगितलं." तो रडत नव्हता. फक्त कारागिराकडे बघून बोलत होता, आणि हे त्याने केलं याचाही मला थोडा अभिमान आहे.

कारागीर त्याच दिवशी सुटला. भाच्याची नोकरी गेली, खटलाही झाला. पुरावा म्हणून माझ्यावर शिक्के बसले, मी दोन वर्षं कपाटात धूळ खात पडलो. कुणी तेल दिलं नाही, की पूड चोळली नाही. पण सुटका झाली त्या दिवसाची एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे.

जाताना कारागीर मामापाशी आला. त्याला हात जोडता येईनात, म्हणून नुसती मान लववली. मग त्याने डाव्या हाताने नोंदवही स्वतःकडे वळवली आणि माझ्या ओळीवर बोट ठेवलं. यंत्राचा सुटा भाग बघावा तसा तो ती ओळ बघत होता. "दंडुक्याच्या खाचा मोजून लिहिल्यात," तो म्हणाला. "फार बारीक काम आहे तुमचं. माझं मनगट कुठल्या रकान्यात लिहिलंत?"

मित्रांनो, मामाकडे बावीस वर्षांचा अनुभव होता, खडू होता, वही होती. तो रकाना मात्र नव्हता. दंडुक्याला काय झालं, एवढंच आम्ही सगळे बघत आलो होतो. मामा पट्टी शोधायला लागला. सापडली नाही, तेव्हा त्याने मलाच उचललं, पानावर आडवं धरलं आणि माझ्या कडेने एक सरळ रेघ ओढली. वर लिहिलं, कुणाला लागला, कुठे लागला. मग कारागिराला त्याचं नाव विचारून माझ्या नंबरासमोर सावकाश लिहिलं.

तो रकाना आता प्रत्येक चौकीच्या वहीत छापून येतो, आणि त्याची पहिली रेघ माझ्या अंगाने ओढलेली आहे. मी सध्या नव्या शिपायांच्या वर्गात टेबलावर असतो. माझी एकच विनंती आहे. उद्या तुमच्यापैकी कुणाच्या कमरेला माझ्यासारखा दंडुका लागला, तर त्याला तेल द्या, चिरा बघा, ऊन लागू देऊ नका. आणि संध्याकाळी वही उघडलीत की माझ्या खाचांच्या आधी तो शेवटचा रकाना भरा. तिथे लिहायला नाव नसेल, तर त्या दिवशी घरी जरा ताठ मानेने जा.