गुलालाखालचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. शिकलेली माणसं मला भिंग म्हणतात, पण आमचे गणपतराव नुसतं 'काच' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. मला पितळी कडं आहे, शिसवी मूठ आहे आणि काठाला एक टवका उडालेला आहे. एका मांजरीनं मला टेबलावरून ढकललं होतं. तिला मी अजून माफ केलेलं नाही.

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहणारे गणपतराव मोडी लिपी वाचतात. चाळीस वर्षं त्यांनी जुने कागद माझ्यातूनच पाहिले. लोक म्हणत, "गणपतरावांची नजर म्हणजे नजर!" त्यातली निम्मी नजर माझी होती, पण तसं कुणी कधी म्हटलं नाही.

मग अनुजा आली. ती गणपतरावांकडे मोडी शिकते आणि जुन्या कागदांचे फोटो काढून संगणकात साठवते. तिच्या पडद्यावर अक्षर वीतभर मोठं होतं. हजार कागदांतलं एक नाव ती चहा निवायच्या आत शोधून देते. गणपतरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, त्यामुळे तो पडदा पाहून ते लहान मुलासारखे खूश झाले. मी मात्र सुकलेल्या डिंकाच्या बाटलीशेजारी खणात जाऊन पडले. खोटं कशाला बोलू, मला राग आला होता.

एका रविवारी चिमणाबाई आल्या. गडमुडशिंगीकडच्या एका वाडीतल्या, वय ऐंशीच्या पुढं. काखेत टॉवेलात गुंडाळलेली चौकट होती आणि चौकटीत मोडीतला एक कागद. त्यांच्या वाडीत जुनी विहीर आहे. येत्या यात्रेला तिथं पाटी बसणार होती आणि तिच्यावर जुन्या पाटलांचं नाव घालायचं ठरलं होतं.

"इहीर आमच्या बाळाबाईनं पाडली," चिमणाबाई म्हणाल्या. "माझ्या सासऱ्याची पणजी. नवऱ्यामागं एकटी हुबी राहिली नि पाडली. सासू सांगत हुती. ह्यो कागद इहिरीचा हाय, पर वाचता कुणाला येतोय?"

आता तो कागद दिसेल तर ना! त्यांच्या सासऱ्यांनी मायेपोटी तो खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवला होता आणि बिनकाचेच्या चौकटीत जोतिबाच्या फोटोशेजारी टांगला होता. दर रविवारी देवाबरोबर कागदालाही गुलाल लागे. पन्नास वर्षांचा गुलाल होता तो.

अनुजानं फोटो काढला आणि पडद्यावर त्यातला गुलाबी रंग हळूहळू कमी केला. खालची अक्षरं वर आली. खणाच्या फटीतून मी पाहत होते. मला हे जन्मात जमलं नसतं, मानावंच लागलं.

गणपतराव वाचू लागले आणि त्यांचा आवाज उतरला. विहीर खोदायच्या परवानगीचं पत्र होतं, पाटलांच्या नावचं. बाळाबाईचं नाव कुठंच नव्हतं.

चिमणाबाई टॉवेलाची घडी घालत राहिल्या. "मग सासू खोटं बोलत हुती म्हणायचं," एवढंच म्हणाल्या.

गणपतरावांना ते सोसवलं नाही. सवयीनं त्यांचा हात खणात गेला आणि कित्येक महिन्यांनी मी त्यांच्या मुठीत आले. ते पडदा सोडून खुद्द कागदावर वाकले. ओळींच्या मधे फिकट, उलट्या वळणाच्या रेषा होत्या. पडद्यावर त्या नुसत्या डागांसारख्या वाटल्या होत्या.

"अनुजा, मागल्या बाजूला बी लिवलंय की गं," ते म्हणाले. "खळीच्या ओलीनं मागची शाई पुढं आलीया. पुठ्ठा सोडवायला पायजे."

"नको काका, कागद फाटंल. थांबा जरा."

तिनं फोटो आरशात दिसावा तसा उलटवला. मग पाऊण तास आमची जोडी जमली. मी कागदावर रेष दाखवायची आणि तिनं ती पडद्यावर गडद करायची. शेवटी गणपतरावांनी वाचलं, "विहिरीस पाणी लागले. बाळाबाईने स्वतः उभी राहून खोदविली. पाणी सर्वांस मोकळे."

"त्या पडद्यावर नगं," चिमणाबाई म्हणाल्या. "मला कागदावर दावा."

त्यांनी मला हातात धरलं. अनुजानं बोटानं जागा दाखवली.

"ही बाळाबाई?"

"व्हय आज्जी."

"बारीक हाय," त्या म्हणाल्या. बराच वेळ पाहिल्यावर पुन्हा म्हणाल्या, "पर हाय."

मग त्यांनी पिशवीतून गुलालाची पुडी काढली आणि त्यांचा हात सवयीनं कागदाकडे निघाला. अनुजानं तो वरच्या वर धरला. चिमणाबाईंनी क्षणभर विचार केला. मग चिमूटभर गुलाल माझ्या मुठीला लावला आणि चिमूटभर अनुजाच्या लॅपटॉपला. "चांगभलं," त्या म्हणाल्या.

वाडीतल्या पाटीवर आता बाळाबाईचं नाव आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी जुना कागद असेल तर त्याला खळ लावू नका, आणि गुलाल तर नकोच. त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, जाणत्याला दाखवा. पण फोटो मिळाला म्हणून कागद टाकून देऊ नका.

मी आता लॅपटॉपशेजारी असते. माझ्या मुठीच्या खाचेत तो गुलाल अजून आहे. गणपतराव पुसायला निघाले की अनुजा पुसू देत नाही.