हो, वा आणि घ्या

आमच्या ह्यांना कसलंही व्यसन नाही, असं मी लग्नानंतर पहिली काही वर्षं सगळ्यांना कौतुकाने सांगत असे. आता सांगत नाही. दारू-तंबाखू सोडवायला निदान डॉक्टर तरी आहेत. लोकांचं इंग्रजी सुधारायची खोड कुणाला सोडवता येत नाही.

विद्याधर एका विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात चौतीस वर्षं होते. दुसऱ्यांच्या पत्रांतल्या चुका काढायचा त्यांना पगार मिळायचा. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, चुका काढणं चालूच राहिलं. गेल्या वर्षी डेंग्यू झाला, एकशे तीन ताप होता, आणि डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट आला की मला रिव्हर्ट बॅक करा." तर सलाइन लावलेला हात वर करून हे म्हणतात, "रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. तुम्हाला रिप्लाय म्हणायचंय." मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सेक्रेटरीने नोटीस लावली की हे लाल पेन घेऊन खाली उतरतात. टाकी धुणार म्हणून पाणी बंद, ही नोटीस त्यांनी आठ ठिकाणी दुरुस्त केली आणि घरी येऊन मला सांगायला विसरले. मी तेव्हा अंगाला साबण लावून बसले होते.

इथवर मी सोसलं. मग ऋताला, आमच्या मुलीला, पहिलं स्थळ सांगून आलं. त्या मुलाच्या बायोडेटात 'बॉय इज फ्रॉम व्हेरी होमली फॅमिली' असं काहीतरी लिहिलेलं होतं. ह्यांनी तो बायोडेटा तपासून परत पाठवला. अकरा लाल खुणा, आणि खाली शेरा: प्रयत्न चांगला आहे. ते लोक पुन्हा फिरकले नाहीत.

तेव्हा ऋताला वाईट वाटलं नव्हतं, तिला तो मुलगा नकोच होता. या वेळी गोष्ट वेगळी होती. सुयोग तिच्या अंधेरीच्या ऑफिसातला, तिने स्वतः पसंत केलेला. राहायला जोगेश्वरीला, मूळचे कणकवलीकडचे. मलाही तो आवडला होता. अडचण त्याच्या वडिलांची, चंद्रप्रकाशांची. माणूस मनाने चांगला, पण चटकन दुखावणारा. सख्ख्या पुतणीच्या बैठकीतून ते अर्धा चहा टाकून उठले होते आणि ते लग्न मोडलं ते मोडलंच. आणि वडिलांना दुखवून लग्न करणार नाही, हे सुयोगने ऋताला पहिल्यापासून सांगून ठेवलं होतं.

"आणि आई, ते इंग्लिश खूप बोलतात गं," ऋता म्हणाली.

"कसं?"

"बाबांना झेपणार नाही असं."

बैठकीच्या आदल्या दिवशी मी ह्यांना समोर बसवलं. "अहो, उद्या फक्त तीन शब्द बोलायचे. हो, वा आणि घ्या. चौथा निघाला तर मी नलिनीकडे बोरिवलीला निघून जाईन." नलिनी माझी बहीण. तिचं नाव काढलं की हे सहसा ऐकतात.

"आणि ते 'माय सेल्फ' म्हणाले तर?"

"वा म्हणायचं."

ऋता हसली नाही. "बाबा, प्लीज," एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरलेले बघून ह्यांनी मुकाट्याने मान डोलावली.

रविवारी अकराला मंडळी आली. सुयोग, त्याची आई वनमालाबाई आणि कडक इस्त्रीच्या शर्टात चंद्रप्रकाश. दारातच त्यांनी हात पुढे केला. "माय सेल्फ चंद्रप्रकाश. अँड दिस इज माय मिसेस."

"वा," हे म्हणाले.

"सुयोग आमचा ट्वेंटी फिफ्टीनचा पास आउट."

"वा."

"कझिन ब्रदर, कझिन सिस्टर, आमच्यात सगळे सेम टू सेम. मी फ्रँकली सांगतो, डिफरन्स करत नाय आपण."

"हो."

ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मांडीवर घेतलेली सोफ्याची उशी त्यांनी इतकी आवळली होती की तिचा कापूस एका कोपऱ्यात गेला. पोह्यांच्या बश्या रिकाम्या झाल्या तरी हे मधूनमधून "घ्या" म्हणत होते. मी आपली हवेवर बोल, मेट्रोच्या कामावर बोल, असं करत वेळ भरून काढत होते. पण चंद्रप्रकाश आता वनमालाबाईंकडे बघायला लागले होते. मुलीचा बाप बैठकीत बोलत नाही म्हणजे त्याच्या मनात नाही, असंच आपल्याकडे धरून चालतात. कोणाच्याही मनात तेच आलं असतं.

शेवटी याद्यांची वेळ आली. कोणी काय करायचं, किती माणसं, कुठला मुहूर्त, हे कागदावर लिहून दोघा बापांनी सह्या करायच्या. मी कागदाला हळद-कुंकू लावलं. चंद्रप्रकाशांनी खिशातून पेन काढलं.

"खरं तर याद्यांना घरातलं मोठं माणूस पायजे होतं," ते म्हणाले. "पण माझे फादर टू थाउजंड नाइनला एक्स्पायर झाले."

ह्यांचं तोंड उघडलं. मी मागून चिमटा काढला. त्यांनी ओठावर आलेलं वाक्य गिळलं, आणि त्या गडबडीत जो शब्द हाताशी होता तो बाहेर पडला.

"वा."

चंद्रप्रकाशांनी पेनाला टोपण लावलं. वनमालाबाईंनी हातातला कप खाली ठेवला. "चल, सुयोग," ते म्हणाले आणि उठले. सुयोगही उठला. त्याने ऋताकडे बघितलंसुद्धा नाही, त्याची हिंमतच झाली नसावी. ऋता त्या हळद-कुंकवाच्या कागदाकडे बघत राहिली.

"थांबा हो," मी दाराशी आडवी झाले. "ह्यांना लोकांचं इंग्लिश सुधारायची खोड आहे. त्यापायी एक स्थळ गेलं. म्हणून मीच तोंडाला कुलूप लावायला सांगितलं. ते तुमच्या वडिलांना वा म्हणाले नाहीत हो. तीनच शब्द दिले होते मी, त्यातला एक पडला. चूक माझी आहे."

चंद्रप्रकाशांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग ते ह्यांच्याकडे वळले. "मग काय सुधारायचं होतं माझं? बोला ना. आता बोला."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आता काय वाचवायचं राहिलं होतं? मी म्हटलं, बोला.

"एक्स्पायर औषध होतं," हे खालच्या आवाजात म्हणाले. "पासपोर्ट होतो. माणूस जातो."



"म्हायती आसा माका," चंद्रप्रकाश म्हणाले. मग सावरून, "मी काय अडाणी नाय. पण बाबा गेले म्हणायला जातो ना, की हितं अडकतं." त्यांनी गळ्याला हात लावला. "गिरणी बंद पडल्यावर वॉचमनचं काम केलं त्यांनी, मला शिकवलं. इंग्लिशमधी बोललं की पटकन होऊन जातं. दुसऱ्याच कोणाचे तरी गेल्यासारखं."

मला रडू फुटलं. आणि त्याच वेळी भीतीही वाटत होती, कारण ह्यांचे ओठ हलले. आता ह्यांनी एक जरी चूक काढली असती तर मी बोरिवलीच काय, थेट विरार गाठलं असतं.

"काय नाव होतं त्यांचं?" ह्यांनी विचारलं.

तेहतीस वर्षांच्या संसारात समोरच्याचं बोलणं संपल्यावर ह्या माणसाने पुढचं काही विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"धोंडिराम," चंद्रप्रकाश म्हणाले. दोन पावलं मागे आले, सोफ्याच्या कडेवर टेकले. "ॲक्च्युअली काय, ते पखवाज वाजवायचे. भजनाला रात्रभर. आणि मॉर्निंगला रिटर्न बॅक येऊन डायरेक्ट ड्युटी. ॲक्च्युअली बेसिकली त्यांना झोपच नव्हती..."

पाच मिनिटांत नऊ वेळा ॲक्च्युअली झालं. संगतीने मलाही मोजायची सवय लागली आहे. दर वेळी ह्यांच्या गुडघ्याला बारीक झटका बसत होता, पण उशी त्यांनी कधीच सोडून दिली होती. मध्येच "मग?" म्हणत होते, आणि ते मी शिकवलेलं नव्हतं.

वनमालाबाईंनी खाली ठेवलेला कप उचलून माझ्या हातात दिला.

"विहीणबाई, च्या जरा गरम करा," त्या म्हणाल्या. "ह्येंचा आता तासभर चलतला."