नखाएवढी वडी

धाकट्या जावेने सुक्या अंजिरांची पिशवी ओट्यावर ठेवली आणि ती तशीच उभी राहिली. थोरली भाजी निवडत होती. अकरा वर्षांनी दारात आलेल्या माणसाला ‘बस’ म्हणायला तिची जीभ वळेना.

“ताई, ह्यांचं काही खरं नाही,” धाकटी म्हणाली. “चार दिवस अन्नाला शिवले नाहीत. अंजिराची वडी हवी म्हणतात. आमच्या दुकानातली नको. तुमच्या हातची.”

“माझ्या हातची?” थोरलीने देठ मोडला. “ती तर भावोजींची ना? डब्यावर फोटो आहे त्यांचा.”

धाकटीने पिशवी तिच्याकडे सरकवली. दुकानातली ती वडी वीस वर्षं थोरलीने घोटली होती. तिचा नवरा गेला आणि महिन्याभरात दिराने तिला बाहेरचा रस्ता दाखवला. ‘वहिनी नुसते अंजीर चिरून द्यायची, वडी माझी,’ असं त्याने गावभर सांगितलं, आणि गावाने ते खरं मानलं. तेव्हापासून ती चार घरचा स्वयंपाक करून पोट भरत होती आणि मनातल्या मनात दिराला रोज एकदा तरी फैलावर घेत होती.

“करते,” ती म्हणाली. “पण घेऊन मीच येणार.”

त्या दुपारी तिने जीव ओतला. भिजवलेले अंजीर आणि खजूर वाटून मंद आचेवर ठेवले, बदाम-अक्रोड भाजून जाडसर कुटले. गोळा कढईच्या कडा सोडेपर्यंत ती घोटत राहिली. खांदा भरून आला, हात थांबला नाही. वडी अशी व्हायला हवी होती, की नुसत्या वासाने त्याचा जीव कासावीस व्हावा.

संध्याकाळी ती गेली तेव्हा दिराच्या खोलीत त्याचे व्याही, दोन शेजारी आणि दुकानातला म्हातारा भट्टीवाला बसले होते. पलंगावर नुसती हाडं उरली होती. तिने डबा त्याच्या नाकाशी उघडला. त्याचे ओठ हलले.

“वहिनी, द्या.”

“देते की. आधी ह्यांना सांगा, ही वडी कुणाची.”

शेजाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटीने खिडकीकडे तोंड फिरवलं. डबा तिथेच, नाकासमोर होता.

“वहिनींची,” शेवटी तो म्हणाला. “पहिल्यापासून. मी खोटं बोललो.”

व्याह्यांनी मान खाली घातली. भट्टीवाल्याने मात्र ती हलकेच डोलावली. त्याला सगळं तेव्हाच ठाऊक होतं.

तिने नखाएवढा तुकडा मोडून दिराच्या जिभेवर ठेवला. डोळे मिटून तो कितीतरी वेळ घोळवत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“अजून.”

तिने झाकण लावलं.

“उद्या. उद्या दुसरे कोणी येतील भेटायला. त्यांनाही सांगा, मग देते.”

त्याने मुकाट मान हलवली.

धाकटी जिन्यापर्यंत मागोमाग आली.

“ताई, असं किती दिवस?”

थोरलीने शांतपणे चपला पायात सरकवल्या.

“डॉक्टर किती म्हणालेत?”