लाल ठिपका नसलेलं पहिलं कार्ड

मी पुठ्ठ्याचा एक तुकडा बोलतोय. संग्रहालयात काचेच्या पेटीत दोन हजार कार्डांचा गठ्ठा ठेवलाय ना, त्यातलं परवापर्यंत सगळ्यात वर असलेलं कार्ड म्हणजे मी. लोक वाकून माझ्यावरचं नाव वाचायचे, ‘केवढा मोठा माणूस!’ म्हणायचे, फोटो काढायचे. तेव्हा वाटायचं, धरणी दुभंगावी आणि तिने मला पोटात घ्यावं. पण काचेच्या पेटीत धरणी कुठली?

माझा जन्म झाला तेव्हा एक संगणक अख्खी खोली अडवून बसायचा. त्याला काही सांगायचं तर आमच्यासारख्या कार्डांना भोकं पाडून सांगावं लागे. एका कार्डावर एक ओळ. भोकं पाडायच्या यंत्रावर एक ताई बसायच्या. नोकरीला नव्या होत्या, बोटं फार चपळ. कागदावर लिहिलेलं न चुकता आमच्यावर उतरवणं हे त्यांचं काम.

आणि त्या कागदांवर लिहायच्या बाई. बाईंचं गणित पक्कं आणि स्वभाव हट्टी. त्या काळी संगणकाला नुसते आकडे कळायचे. साधी बेरीज करायची तरी आकड्यांची लांबलचक माळ ओवायला लागायची. बाई एकदा वैतागून म्हणाल्या, “दर वेळी माणसानंच का यंत्राची भाषा शिकायची? आता त्याला आपली शिकवू या.”

विभागाचे साहेब खो खो हसले. “यंत्राला शिकवणी लावणार का, बाई?”

बाईंनी खरंच लावली. तीन वर्षं खपून त्यांनी असा प्रोग्राम लिहिला, की माणसानं साध्या शब्दांत ‘ह्या दोन संख्या मिळव’ असं लिहावं आणि यंत्रानं आपलं आपण त्याचं आकड्यांत भाषांतर करावं. दोन हजार कार्डं झाली. आज कोणीही संगणकाशी शब्दांत बोलतं, त्यामागे अशा कितीतरी हट्टी माणसांची डोकी आहेत. त्यातलं एक डोकं आमच्या बाईंचं.

आता त्या गठ्ठ्यावरच्या लाल ठिपक्यांबद्दल सांगतो. कार्डांचा क्रम मोडला की सगळं मुसळ केरात. म्हणून बाई गठ्ठा नीट ठोकून घ्यायच्या आणि त्याच्या वरच्या कडेवर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, लाल पेन्सिलीनं एक तिरकी रेघ ओढायच्या. मग प्रत्येक कार्डाच्या कडेवर जरा सरकलेला एकेक लाल ठिपका उमटायचा. गठ्ठा सांडलाच, तर ठिपके जुळवत जायचं. रेघ पुन्हा सरळ झाली, की क्रम लागला.

सगळ्यात पुढच्या कार्डावर लिहिणाऱ्याचं नाव घालायची रीत होती. त्या कार्डाच्या सुरुवातीलाच एक खूण असे, ती दिसली की यंत्र ते कार्ड न वाचता पुढे जाई. नाव फक्त माणसांसाठी, भोकांच्या वर अक्षरांत छापलेलं.

प्रोग्राम दाखवायचा दिवस आला. बाहेरगावाहून मोठमोठे पाहुणे यायचे होते. सकाळी साहेब ताईंच्या टेबलाशी आले.

“पहिलं कार्ड बदलून टाका. माझं नाव घाला.”

“पण साहेब, काम तर बाईंचं...”

“काम विभागाचं आहे. आणि यंत्र ते कार्ड वाचतं तरी का? कोणाच्या लक्षात येणार आहे?” मग जाता जाता म्हणाले, “तुमचं कायम व्हायचं राहिलंय ना अजून?”

ताईंनी मला यंत्रात घातलं. मी साधा पुठ्ठा, मला कसलं दुखणार? पण त्या दिवशी प्रत्येक अक्षर टोचलं. बाईंच्या नावाचं कार्ड काढून ताईंनी पर्समध्ये टाकलं आणि मी त्याच्या जागी जाऊन बसलो. आयत्या बिळावर नागोबा.

गठ्ठा स्वतःच्या हातानं न्यायची हौस साहेबांना आली. जिन्यात त्यांचा पाय घसरला आणि दोन हजार कार्डं पायऱ्यांवर पसरली. साहेबांचा चेहरा पांढराफटक. बाई पायरीवर बसल्या आणि ठिपके जुळवायला लागल्या. ताई शेजारी बसून त्यांना कार्डं वेचून देत होत्या. पाऊण तासात रेघ जुळली.

बाईंच्या हातात एकच कार्ड उरलं. मी.

त्यांनी माझी कड पाहिली. ठिपका नाही. मला उलटून पाहिलं, नाव वाचलं. मग ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मला वाटलं, आता बाई माझे तुकडे करणार. करायलाच हवे होते. पण त्यांनी मला स्वतःच्या हातानं सगळ्यात वर ठेवलं, गठ्ठा ठोकून सारखा केला आणि म्हणाल्या, “चला, पाहुणे खोळंबलेत.”

प्रोग्राम एकदाही अडला नाही. टाळ्या साहेबांना मिळाल्या. महिन्याभरात बाईंनी नोकरी सोडली आणि एका शाळेत गणित शिकवायला लागल्या. मी आधी कपाटात राहिलो, मग त्या काचेच्या पेटीत आलो. साहेब गेले, त्यांच्या नावाचं सभागृह झालं. त्या सगळ्याला पुरावा काय, तर मी.

परवा ताई आल्या. केस पांढरे, हातात काठी. संग्रहालयाच्या मॅडमना त्यांनी वर्तमानपत्राचं कात्रण दाखवलं. बाई गेल्या होत्या. दोन ओळींची बातमी, ‘गणिताच्या निवृत्त शिक्षिका’. एवढंच.

“जरा पेटी उघडता का?” ताई म्हणाल्या. “वरच्या कार्डाची कड बघा.”

मॅडमनी हातमोजे घालून मला उचललं. “इथे लाल खूण नाहीये. खालच्या सगळ्यांवर आहे.”

“नसणारच. बाईंनी रेघ ओढली तेव्हा ते जन्मालाच आलं नव्हतं.” ताईंनी पर्समधून एक कार्ड काढलं. कोपरे मऊ पडलेले, कडेवर फिकट लाल ठिपका. मॅडमनी ते गठ्ठ्यावर ठेवलं. रेघ कोपऱ्यापर्यंत पोचली.

“तेव्हा मीही लाल पेन्सिल हातात घेतली होती,” ताई म्हणाल्या. “एक ठिपका काढला असता तर कुणाला कळलं नसतं. पण हात धजला नाही. खरं सांगायला मात्र तोंडही धजलं नाही. बाई जिवंत होत्या तोवर यायला हवं होतं हो मी. रोज म्हणायचे, उद्या जाईन.”

मॅडमनी पेटीवरची जुनी पाटी काढली. मग म्हणाल्या, “नवी पाटी लिहावी लागेल. कार्ड कुणाच्या सांगण्यावरून बदललं ते लिहीन. बदललं कुणी, ते गाळू का?”

“नको. माझं नाव लिहा,” ताई म्हणाल्या. “आत्तापर्यंत गाळलं तेवढं पुरे.”

आता मी मॅडमच्या टेबलावर पडून आहे. माझं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. ताई जाताना म्हणाल्या, “फेकून द्या ते.” त्यांचा राग मला कळतो. तरी माझं एक मागणं आहे. मला फेकू नका. त्या पेटीत बाईंच्या कार्डाशेजारी ठेवा, नाव दिसेल असं आणि कोरी कडही दिसेल असं. लोकांना बघू दे. मला लाज वाटेल, पण ती वाटायलाच हवी.